टांगलेल्या वीणा

आजचं वाचन : स्तोत्रसंहिता १३७



बाबेलच्या नदीकाठी कैद्यांनी आपल्या वीणा झाडांना टांगून ठेवल्या. पकडून आणणारे म्हणत होते, सियोनेचं एखादं गाणं म्हणा की! ते गायले नाहीत. मंदिरातलं संगीत भलत्या ठिकाणी वाजवायचं नाही, हे मला आजवर अगदी पटत होतं.

मग भिंगारला आजीची पायपेटी विकायचा विषय निघाला. आजी जाऊन दोन वर्षं झाली, घर भाड्याने द्यायचंय. दर बुधवारी तिच्या हॉलमध्ये प्रार्थनासभा व्हायची, याच पेटीवर रेव्हरंड टिळकांची भजनं. आता पुण्यातल्या एका कॅफेला ती शोभेसाठी हवी आहे. दादा म्हणाला, "देऊन टाकू, नाहीतर वाळवी खाईल." मी चिडले. देवाला दिलेली वस्तू अशी कशी द्यायची?

त्या रात्री ऑर्गनबद्दल शोधताना ॲमस्टरडॅमचं पार्ककेर्क सापडलं. ते आता चर्च नाही. २००७ पासून तिथे 'ऑर्गेलपार्क' नावाचं संगीतगृह आहे. पण १९२२चा, जर्मनीच्या साउअर कंपनीचा, त्या चर्चचा स्वतःचा पाइप ऑर्गन तिथेच उभा आहे. आज त्या इमारतीत जॅझ होतं, ऑर्गनच्या साथीने मूकपट दाखवतात. वाचून कसंतरीच झालं. बेलशस्सर आठवला, मंदिरातल्या सोन्याच्या पात्रांतून दारू पिणारा (दानीएल ५).

पण दावीदही आठवला. भूक लागल्यावर त्याने समर्पित भाकरी खाल्ल्या, आणि प्रभू येशूने तो दाखला त्याच्या बाजूने दिला. पात्रंही पवित्र, भाकरीही पवित्र, दोन्ही मंदिराबाहेर गेली. बेलशस्सरला पात्रांची गरज नव्हती, मिरवायचं होतं. दावीदाला खरंच भूक होती.

ऑर्गन बंद ठेवला तर त्याच्या भात्याचं कातडं सुकतं, पाइपांत धूळ बसते. म्हणजे तिथे जॅझ वाजवणारेच त्याला जिवंत ठेवतायत! बाबेलात वीणा टांगणं हा नकार होता, तेही एक प्रकारचं बोलणंच. आमच्या पेटीवर दोन वर्षं चादर पडून होती. तो नकार नव्हता, आळस होता. माझा सुद्धा.

रविवारी जाऊन चादर काढली. दोन सूर दबलेत, भाता फाटलाय. कॅफेला नाही कळवलं. शेजारच्या ताईंची मुलगी दारात उभी होती. तिला गॅदरिंगला नाट्यगीत म्हणायचंय, सरावाला पेटी मिळेल का? (नाट्यगीताला ऑर्गनची साथ बालगंधर्वांच्या काळापासूनची आहे म्हणा.)

यावर दादाच अडला. "आजीच्या पेटीवर नाटकातलं गाणं?"

भाता दुरुस्तीला दिलाय. तो परत येईपर्यंत तिला उत्तर द्यायचंय.