कोंबडीची जात

चाळिशी उलटलेल्या मास्तराने वह्या तपासाव्यात, फार तर सुटीत एखादी कादंबरी लिहावी; खुराडे झाडत बसू नये, असे आमच्या घरातील सर्वांचे मत आहे. माझेही तेच होते. पण गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या आठवडी बाजारात एका डालग्याखाली मी एक जोडी पाहिली आणि माझे मत पालटले. कबुतराहून थोडी मोठी, पाय इतके आखूड की चालताना पोट जमिनीला टेकते की काय असे वाटावे, आणि शेपटी अशी ताठ की ती तुऱ्याशी काहीतरी गुजगोष्ट करू पाहते आहे! "जपानी बँटम," विकणारा म्हणाला. भाव ऐकून दचकलो, तरी घेतली.

जोडी घरी आली आणि येणारा-जाणारा एकच प्रश्न विचारू लागला, "मास्तर, ही कोणत्या जातीची?" बँटम हे जातीचे नाव नव्हेच, हे मला मागाहून कळले. जावा बेटावर बांतेन नावाचे बंदर आहे; युरोपातले लोक त्याला बँटम म्हणत. तिकडच्या ठेंगण्या कोंबड्यांना त्या बंदराचे नाव चिकटले आणि पुढे कुठल्याही ठेंगण्या कोंबडीला ते लागू लागले. त्यांच्यात जाती पुष्कळ. तुरा करवतीसारखा उभा आहे की चपटा पसरलेला, बोटे चार आहेत की पाच, कातडी कोणत्या रंगाची, पायांवर पिसे आहेत का, हे पाहत जायचे. पाच बोटे, काळी कातडी आणि लोकरीसारखी पिसे दिसली, की सिल्की. कोंबड्याची पिसेही कोंबडीसारखी गोल टोकांची आणि प्रत्येक पिसाला काळी किनार असली, की सेब्राइट. आखूड पाय आणि उभी शेपटी, म्हणजे आमची ही चाबो.

माघात कोंबडी खुडूक बसली. मी तिच्याखाली आठ अंडी ठेवली. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात एकेक अंडे धरून पाहिले. पाचांत लाल शिरांचे कोवळे जाळे दिसले. एक कोरे होते. उरलेल्या दोघांत नुसते रक्ताचे कडे होते. जीव धरला होता आणि विझला होता. एकविसाव्या दिवशी पाच पिले बाहेर आली. त्यांतल्या एकीचे नाव आमच्या धाकटीने सगुणा ठेवले. पुढे सगुणेचा तुरा लालभडक झाला आणि एका पहाटे ती चक्क आरवली! नवशिक्याच्या घरी असे व्हायचेच.

पण माझे लक्ष दुसऱ्याच दोघांकडे लागले होते. तिघे आईबापांसारखे ठेंगणे वाढले. या दोघांचे पाय मात्र सरळ, लांब निघाले. आमच्या गल्लीत एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. प्रदर्शनात बक्षिसे मिळवलेली त्यांची पाखरे. ते आले आणि पाहताक्षणीच म्हणाले, "ही दोन जातीची नव्हेत, मास्तर. रस्सा करा."

"अहो, आईबाप तेच, घरटे तेच!"

मग त्यांनी मला जे सांगितले त्याने माझी झोप उडाली. या कोंबड्यांचे आखूड पाय एका गुणामुळे येतात. तो आईबापांपैकी एकाकडूनच आला तर पिलू ठेंगणे होते. दोघांकडूनही आला तर ते कवचातच मरते, बहुधा पहिल्या काही दिवसांत. दोघांकडूनही न आला तर पाय लांब. म्हणजे आखूड पायांची जोडी जमवली, की सरासरीने चारांतले एक जगतच नाही, दोन देखणी निघतात आणि एक ठरते 'जातीबाहेर'. सर्वांत धडधाकट असते ते हेच! एका घरट्यात हिशेब कमीजास्त होईल, पण माझी दोन रक्ताची कडी बहुधा या हिशेबातलीच होती.

"यावर उपाय नाही?"

पोस्टमास्तर थोडे घुटमळले. "आहे. एक लांब पायाचा नि एक आखूड पायाचा असा जोडा लावायचा. मग या कारणाने एकही मरत नाही. निम्मी आखूड निघतात, निम्मी लांब." आणि मग आवाज खाली आणून, "म्हणून लांब पायांची एक कोंबडी मी मागच्या खुराड्यात ठेवतो. पाहुण्यांना दाखवत नाही इतकेच."

त्या मागच्या खुराड्याचा विचार माझ्या मनातून जाईना. जिच्यामुळे घराण्याची अंडी जगतात, तिलाच पाहुण्यांसमोर यायची चोरी!

वीस वर्षे मी शाळेत प्रवेशाच्या वेळी रजिस्टर भरतो आहे. त्यात जातीचा रकाना आहे. कोंबड्यांच्या जाती माणसाने निवडून निवडून घडवल्या, त्या अंगावर दिसतात. माणसाच्या जाती माणसाने नुसत्या मानल्या, अंगावर त्यांची कसलीच खूण नाही. तेव्हा ही तुलना मी पुढे ओढणार नाही. पण विचारणाऱ्याचा प्रश्न दोन्हीकडे एकच असतो, आणि तो दोन कारणांनी विचारता येतो. माझी जोडी चाबो आहे हे कळल्यावर मी खुराड्यात कोरडा भुसा घातला, बसायची काठी खाली आणली, पावसाळ्यात त्यांना चिखलात सोडले नाही. पोट भिजले असते. ज्या मुलाचा हक्क वर्षानुवर्षे नाकारला गेला त्याला तो मिळावा, म्हणून मी तो रकाना काळजीपूर्वक भरतो. हे विचारणे देण्यासाठी झाले. रस्सा कुणाचा करायचा आणि मागे कुणाला कोंडायचे हे ठरवण्यासाठी विचारणे वेगळे. शब्द तेच असतात, म्हणून आपली फसगत होते. वर्गातल्या एखाद्या मुलाला मी मनातल्या मनात 'ढ' ठरवले, तेव्हा कोणत्या कारणाने ठरवले होते? त्याला आणखी दोनदा समजावून सांगण्यासाठी, की त्याच्याकडे बघायचे सोडून देण्यासाठी? प्रामाणिक उत्तर दिले तर ते मला भूषणावह नाही.

लांब पायांची दोन्ही पाखरे आमच्याकडे पुढच्याच खुराड्यात आहेत. त्यातल्या तलंगीने भाद्रपदात अंडी द्यायला सुरुवात केली. पोस्टमास्तरांनी आपला बक्षीस मिळवलेला कोंबडा कुरकुरत का होईना, पण दिला. आता ती आठ अंड्यांवर बसली आहे. काल सातव्या रात्री मी आणि धाकटीने बॅटरी लावून पाहिले. एक कोरे निघाले. सातांत शिरांचे जाळे होते. रक्ताचे कडे एकातही नव्हते.

"बाबा, यातली जातीची किती निघतील?" तिने विचारले.

"आधी बाहेर किती येतात ते मोजू," मी म्हणालो आणि बॅटरी विझवली.