मागल्या ओळीचे चेहरे

अरुंद दरवाजाविषयीचा बोध आपण पुष्कळदा ऐकला आहे. आज आम्ही त्याचा एक दाखला छायाचित्रणाच्या विद्येतून घेतो. कॅमेऱ्याच्या भिंगात लहानमोठे करता येणारे एक छिद्र असते; त्यास ॲपर्चर म्हणतात. त्याच्या आकड्यांनी नवशिका प्रथम गोंधळतो, कारण आकडा मोठा तर छिद्र लहान. ५० मिलिमीटरच्या भिंगास २ हा आकडा लावला म्हणजे छिद्र २५ मिलिमीटर रुंद होते. १६ लावला म्हणजे जेमतेम ३.

भिंग एका वेळी एकाच अंतरावर नेमके जुळते. त्याच्या अलीकडील व पलीकडील वस्तूंचे किरण बिंदूवर न मिळता पसरट ठिपके उमटवितात. छिद्र आवळले की ते ठिपके बारीक होतात, आणि जवळचे व दूरचे दोन्ही रेखीव दिसू लागते. चष्मा हरवलेली आजीबाई डोळे किलकिले करून अक्षरे लावते, तिला ही विद्या कोणी शिकविली? ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यात तेच भिंग ३ मीटरांवर जुळविले असता, २ या आकड्यावर स्पष्टतेचा पट्टा हातभरच असतो. १६ वर तो सुमारे २ मीटरांपासून ७ मीटरांपर्यंत पसरतो.

उघड्या छिद्रास आम्ही दोष देत नाही. मांडीवरील एका बालकाचे मुख टिपावयाचे असेल, तर मागची भांडीकुंडी धूसर झालेलीच बरी. परंतु सर्व मंडळीचे छायाचित्र तसे काढले, तर खुर्च्यांवरील पाहुणे व पाळक तेवढे स्पष्ट येतात, आणि मागे उभ्या असलेल्या मजूर बाया, म्हातारे व पोरे धुक्यात जातात. वर्षभरात त्यांतील कोणी निवर्तले, तर घरच्यांच्या हाती तोच अंधुक चेहरा राहतो. त्यांचे दुसरे चित्र कोणी काढलेले असते?

ह्या स्पष्टतेची किंमत मात्र द्यावी लागते. २ वरून १६ वर जाता प्रकाश ६४ पटींनी घटतो. झाडाच्या सावलीत जेथे सेकंदाचा पाचशेवा भाग पुरत होता, तेथे आठवा भाग लागतो. तेवढ्यात मूल मान वळविते. म्हणून तिपाई हवी, आणि बसणाऱ्यांच्या ठायी स्थिरता हवी. १९३२ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को परिसरात ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन आदींनी आपल्या मंडळास ‘एफ ६४’ ह्या अतिशय लहान छिद्राचेच नाव दिले. त्यांचे कॅमेरे मोठे होते. लहान कॅमेऱ्यात छिद्र फारच आवळले तर कडांशी प्रकाश पसरून सारे चित्र मऊ पडते. तीन ओळींस ८ अथवा ११ बहुधा पुरे; भिंग मधल्या ओळीवर जुळवावे.

चित्र निघाले की मंडळीस लगेच उठू देऊ नये. पडद्यावर मागली ओळ मोठी करून एकेक चेहरा पाहावा, आणि कोणी ओळखू येत नसेल तर सर्वांस पुन्हा क्षणभर स्थिर राहण्याची विनंती करावी.