रुग्णशय्येवरील बालकला

मुलांच्या रुग्णालयांत अलीकडे कागद, रंग, माती, बाहुल्या आणि वाद्यें यांचा प्रवेश झाला आहे, ही गोष्ट कोणासहि आनंददायकच वाटेल. परंतु त्यांच्याबरोबर एक प्रश्नहि आंत आला असून त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. आजारी मूल चित्र काढतें तें कोणासाठीं? आणि आपण निरोगी, वडील माणसांनीं त्या चित्राकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें? प्रश्न वरवर किरकोळ भासतो. पण दया आणि आदर यांचा जुना तंटाच येथें एका लहानशा खाटेपाशीं पुन्हा उभा राहिला आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडांतील पुष्कळ रुग्णालयांत आईबापांस आपल्या मुलास भेटण्याची मुभा ठराविक वेळींच असे. जेम्स रॉबर्टसन यांनीं १९५२ सालीं दोन वर्षांच्या एका मुलीच्या रुग्णालयवासाचा चित्रपट दाखविला, तेव्हां असल्या मुलांचें मुकें दुःख लोकांच्या दृष्टीस पडलें. पुढें १९५९ मध्यें प्लॅट समितीनें आईबापांस मोकळेपणानें येऊं द्यावें आणि मुलांच्या खेळाची सोय करावी, अशी शिफारस केली. कलेचा प्रवेश मात्र याच्या आधींच झाला होता. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार १९३८ मध्यें क्षयानें आजारी पडून मिडहर्स्टच्या आरोग्यधामांत राहिला असतां बिछान्याजवळच्या वस्तूंचीं चित्रें काढूं लागला. मग त्यानें इतर रोग्यांसहि त्या नादास लाविलें, आणि १९४२ मध्यें या उद्योगास ‘कलोपचार’ या अर्थाचें इंग्रजी नांव दिलें.

या नांवांतच मेख आहे. उपचार म्हटला कीं त्याचें मोल गुणावर ठरतें. रोग हटला तर औषध खरें. आमच्या मम्मटानेंहि काव्याचीं प्रयोजनें सांगतांना अनिष्टाचें निवारण हें एक सांगितलें असून त्यास मयूर कवीचें उदाहरण दिलें आहे. सूर्यस्तुतीनें त्याचा रोग गेला अशी परंपरागत कथा आहे. तेव्हां कलेनें व्याधि हटते ही कल्पना आम्हांस नवीन नाहीं. परंतु सर्व प्रयोजनांच्या शिरोभागीं त्याच मम्मटानें बसविला आहे तो तत्काळ मिळणारा परमानंद, ज्यांत दुसऱ्या कशाचेंच भान उरत नाहीं.

हा क्रम किती योग्य आहे हें एका प्रसंगावरून कळेल. यानुश कोर्चाक हे मूळचे बालरोगांचे डॉक्टर. वॉर्सा येथील ज्यू वस्तींत कोंडलेलें एक अनाथालय ते चालवीत. तें रुग्णालय नव्हतें, पण उपासमार आणि आजार तेथें रोजचेच होते. १८ जुलै १९४२ रोजीं तेथील मुलांनीं रवींद्रनाथांचें ‘डाकघर’ हें नाटक केलें. वैद्याच्या आज्ञेनें घरांत अडकलेला आजारी अमल खिडकीशीं बसून येणाऱ्याजाणाऱ्यांशीं बोलतो, असें तें नाटक. ऑगस्टच्या आरंभीं कोर्चाक आणि सुमारें दोनशें मुलें त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेलीं गेलीं. उपचाराच्या मापानें मोजलें तर या नाटकाचा गुण शून्य. तरीहि त्या संध्याकाळीं तीं मुलें नाटकांत रमलीं तें व्यर्थ गेलें, असें म्हणण्यास कोणाची जीभ धजेल?

मग हें मोल कशांत आहे? व्याकरणाची भाषा वापरावयाची तर रुग्णालयांतील मुलाचें सगळें आयुष्य कर्मणि प्रयोगांत चाललेलें असतें. त्यास सुई टोंचली जाते, त्याचें रक्त काढलें जातें, त्यास उठविलें, निजविलें, भरविलें जातें. हातीं पेन्सिल आली कीं तेवढ्यापुरतें तें मूल कर्ता होतें. घर केवढें काढावयाचें, आकाश हिरवें कीं तांबडें, आणि चित्र पुरें झालें केव्हां, याचा निकाल तेंच करतें. आणि चित्र काढावयाचेंच नाहीं, हाहि निकाल त्याचाच असतो.

हें कर्तृत्व आपण दोन वाटांनीं हिरावून घेतों. पहिली वाट चिकित्सेची. सुसान बाख यांनीं अत्यवस्थ मुलांच्या चित्रांचा दीर्घ अभ्यास करून, शरीराची स्थिति त्यांत उमटते असें प्रतिपादन १९९० सालच्या आपल्या ग्रंथांत केलें. तो अभ्यास मोलाचा असेल. परंतु प्रत्येक चित्र थर्मामीटरसारखें वाचूं लागणें बरें नव्हे. चित्रांत काळा रंग फार दिसतो, याचें कारण कधीं कधीं एवढेंच असतें कीं डबींत तोच शिल्लक उरलेला असतो!

दुसरी वाट दयेची, आणि ती अधिक फसवी. “वा, काय सुंदर!” असें न पाहतांच म्हणावयाचें, आणि मग तेंच चित्र देणगीच्या पत्रकावर छापावयाचें. मुलास खोटी शाबासकी तत्काळ ओळखूं येते, आणि चौदापंधरा वर्षांच्या मुलास तर ती झोंबते. आपला आजार पाहून लोक चित्र वाखाणीत आहेत, हें ज्यास कळलें त्यास आपण पुन्हा रोगीच करून सोडिलें. दुखणेकऱ्याशीं खरें बोलणें निर्दयपणाचें, असा आक्षेप कोणी घेईल. पण आम्ही दोष काढावयास सांगत नाहीं, नीट पाहावयास सांगतों. “ही बोट बुडते आहे कीं किनाऱ्यास लागते आहे?” असा एक प्रश्न दहा शाबासक्यांहून मुलास अधिक मानाचा वाटतो.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क-संहितेंत खेळाचा आणि कलाजीवनांत भाग घेण्याचा हक्क एकतिसाव्या कलमांत सांगितला आहे. भारतानें ती संहिता १९९२ मध्यें मान्य केली. हक्क म्हटला कीं त्याबरोबर आपलीं कर्तव्यें आलींच. मुलास विचारल्यावांचून चित्र भिंतीवर लावूं नये. त्यास तें फाडावयाचें असेल तर फाडूं द्यावें. नांव घालावयाचें कीं नाहीं हें त्यासच ठरवूं द्यावें. आणि औषधाची वेळ झाली तरी, डॉक्टरांची हरकत नसेल तर, उरलेलें आकाश रंगवून होईपर्यंत दोन मिनिटें थांबावें.