मिशनऱ्याचे घर

प्रोटेस्टंट मिशनरी परदेशी जातो तो बहुधा बिऱ्हाडासह. संन्याशाने घर सोडलेले असते, रोमन कॅथलिक धर्मगुरूने ते मांडलेलेच नसते. एकोणिसाव्या शतकातल्या मिशन संस्थांची आपल्या माणसाकडून अपेक्षा वेगळी होती. त्याने लग्न करावे, बायकोला घेऊन परमुलखात जावे आणि तिथला आपला संसारच ख्रिस्ती घराचा नमुना म्हणून लोकांपुढे ठेवावा. यातून एक अवघड धर्मशास्त्रीय प्रश्न उभा राहिला. मराठी ख्रिस्ती लोक ज्याला ‘पाचारण’ म्हणतात ती देवाची हाक एका माणसाला येते, पण तिचे मोल त्याची बायको, मुले आणि मागे राहिलेले आईवडील यांनाही चुकवावे लागते. ज्यांना हाक आलीच नाही त्यांच्या वाट्याचा त्याग त्याने परस्पर देवाला वाहावा काय?

मराठवाड्यातले पाथरी गोदावरीच्या ज्या खोऱ्यात आहे तिथे हा प्रश्न मिशनरी येण्याच्या कितीतरी आधीपासून ओळखीचा आहे. वरच्या अंगाला, पैठणजवळच्या आपेगावचे विठ्ठलपंत बायकोला मागे ठेवून काशीला गेले आणि त्यांनी संन्यास घेतला. गुरूने परत पाठवल्यावर त्यांनी पुन्हा संसार केला, आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताबाई यांच्या कपाळी ‘संन्याशाची पोरे’ हा शिक्का बसला. बापाच्या निर्णयाचा दंड मुलांनी भोगला. पाथरीच्या वायव्येला असलेल्या जांबचे रामदास लग्नाच्या बोहल्यावरून निघून गेले. कितीतरी वर्षांनी ते परतले तेव्हा आई राणूबाईची दृष्टी गेलेली होती, असे परंपरा सांगते. याच खोऱ्यातल्या एकनाथांनी मात्र घरातच राहून परमार्थ केला. मराठी संतपरंपरेने या सर्वांना थोर मानले, पण विठ्ठलपंतांच्या मुलांचे दुःख तिने झाकून ठेवले नाही. मिशनरी वाङ्मयाला हे जमायला फार वेळ लागला.

बायबलात या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. लूककृत शुभवर्तमानात येशू म्हणतो की आईबाप, बायको, मुले यांचा द्वेष केल्याशिवाय कोणाला आपला शिष्य होता येणार नाही. मत्तयाने हेच सौम्य केले आहे: आईबापांवर किंवा मुलांवर आपल्यापेक्षा अधिक प्रीती करणारा आपल्याला योग्य नाही. दुसरीकडे, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आपल्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला विश्वास न ठेवणाऱ्याहून वाईट ठरवले आहे. पेत्र आपल्या बायकोला प्रवासात बरोबर नेत असे असे पौल लिहितो. मात्र अविवाहित माणसाचे मन दुभंगलेले नसते हेही त्याचेच म्हणणे. योहानाच्या वृत्तांतात वधस्तंभावरचा येशू शेवटच्या घटकेला आईची सोय लावतो. मिशनसाठी निघालेल्या तरुणांना प्रवचनांतून पहिली दोन वचने पुष्कळ ऐकवली गेली, बाकीची कमी.

मराठीशी जोडल्या गेलेल्या पहिल्या मोठ्या मिशनऱ्यांपैकी फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट होता. तो १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि त्याच वर्षी त्याने लंडनला वडिलांना प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. तो पुन्हा मायदेशी गेला नाही. १६१६ मध्ये त्याचे क्रिस्तपुराण छापले गेले आणि १६१९ मध्ये तो वारला. त्याला बायको-मुले नव्हती, पण आईबाप आणि भाऊ होते. पत्र हाच त्यांच्यातला धागा होता. ब्रह्मचाऱ्याच्या मिशनमध्ये निदान ज्याने निवडले त्यालाच बहुतेक किंमत मोजावी लागते. ती हिशेबात धरलेली असते आणि आयुष्याच्या आरंभीच चुकती होते.

विवाहित मिशनऱ्याचे तसे नव्हते, आणि विल्यम कॅरीच्या घराइतके हे दुसरीकडे क्वचितच उघडे पडले असेल. कॅरीची बायको डोरोथी हिला हिंदुस्थानात यायचे नव्हते. तिने आधी साफ नकार दिला आणि १७९३ मध्ये ऐनवेळी, आग्रहाखातर, ती बोटीवर चढली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला. डोरोथीच्या मनाचा तोल गेला तो पुन्हा सावरला नाही. १८०७ मध्ये मरेपर्यंत तिला पुष्कळदा खोलीत कोंडून ठेवावे लागे. त्याच वर्षांत कॅरी भाषांतरे करत होता. १८०५ मध्ये श्रीरामपूरला छापलेले त्याचे मराठी व्याकरण, मराठी मुद्रणाच्या इतिहासातला तो महत्त्वाचा ग्रंथ, त्याच काळातला आहे. कॅरी दुष्ट नव्हता, आणि बायकोला त्याने टाकून दिले नाही. पण मराठी भाषेवरचे त्याचे ऋण सांगताना डोरोथीचे नाव क्वचितच निघते, ते निघायला हवे.

अमेरिकन मराठी मिशनचा आरंभही मृत्यूंनी भरलेला आहे. १८१२ मध्ये निघालेल्या पहिल्या तुकडीतल्या हॅरिएट न्यूएलला ईस्ट इंडिया कंपनीने कलकत्त्यात राहू दिले नाही. मॉरिशसच्या वाटेवर बोटीतच तिला मूल झाले आणि ते गेले. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी तीही गेली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. तिच्या आठवणींचे पुस्तक अमेरिकेत घरोघर वाचले गेले आणि ते वाचून कितीतरी तरुणी मिशनला निघाल्या. तिचा नवरा सॅम्युएल मुंबईत काम करत असताना १८२१ मध्ये पटकीने वारला. त्याच तुकडीतला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला. १८२५ मध्ये त्याची बायको मार्गारेट दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली आणि त्यातला एक वाटेतच दगावला. मार्च १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर हॉललाही पटकी झाली आणि एका देवळाच्या ओवरीत त्याने प्राण सोडला. त्याच वर्षी मिशनने मराठी नवा करार पूर्ण छापून काढला. स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सनची बायको मार्गारेट १८२९ मध्ये मुंबईत आली, मराठी शिकली, तिने मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ मध्ये ती वारली. मुलगा अँड्र्यू तेव्हा चार वर्षांचा होता.

मरण हे त्या काळी कोणाच्याही घरात येई. मिशनरी घराची खास जखम म्हणजे ताटातूट. मूल सहा-आठ वर्षांचे झाले की त्याला इंग्लंड-अमेरिकेला पाठवायचे, असा रिवाज पडला. हवा सोसत नाही, शिक्षणाची सोय नाही, ही कारणे उघड सांगितली जात. तिसरे कारणही बोलले जाई: आयेच्या कडेवर वाढलेले, तिच्याच बोलीत हट्ट करणारे मूल ‘इथलेच’ होऊन जाईल. ज्या लोकांवर प्रेम करायला आपण आलो त्यांच्यासारखे आपले मूल होऊ नये, हा त्या भीतीचा अर्थ होतो. मिशनच्या विचारातली ही सर्वांत खोल विसंगती आहे. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला होण्याआधी आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या बोटीला चार-पाच महिने लागत. रजा सात-दहा वर्षांनी मिळे. सातव्या वर्षी निरोप दिलेला मुलगा आईला पुन्हा दिसे तेव्हा त्याचा आवाज फुटलेला असे.

या मुलांसाठी तिकडे संस्था उभ्या राहिल्या. इंग्लंडमध्ये १८३८ मध्ये मिशनऱ्यांच्या मुलींची आणि १८४२ मध्ये मुलांची शाळा निघाली. पुढे हिंदुस्थानातच डोंगरावरच्या निवासी शाळांचा मार्ग सापडला. मसुरीचे वुडस्टॉक आणि १९०१ मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांनी सुरू केलेली कोडाईकनालची शाळा या त्यातल्या प्रसिद्ध. त्यामुळे वर्षांची ताटातूट महिन्यांवर आली. उन्हाळ्यात आई डोंगरावर जाई आणि काही आठवडे घर पुन्हा घर होई.

ताटातुटीचे परिणाम एकसारखे नव्हते. अमेरिकन मराठी मिशनचा रॉबर्ट विल्सन ह्यूम १८३९ मध्ये मुंबईत आला आणि १८५४ मध्ये मायदेशी जाताना समुद्रातच वारला. आई हॅना हिने मुले अमेरिकेत वाढवली. मुंबईत जन्मलेला रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम १८७४ मध्ये अहमदनगरला परत आला आणि अर्धशतक तिथे राबला. त्याचा भाऊ एडवर्ड मुंबईला आला. पुढच्या पिढीतल्या रॉबर्ट अर्नेस्ट ह्यूमने उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर केले, ते १९२१ मध्ये निघाले. बालपणी तुटलेली मुळे पुन्हा याच मातीत रुजलेली दिसतात. याच्या उलट टोकाला पर्ल बक आहे. चीनमधल्या मिशनरी घरात वाढलेल्या या लेखिकेने १९३६ मध्ये आईवर एक आणि वडिलांवर एक अशी दोन चरित्रे प्रसिद्ध केली. तिच्या आईची सातांपैकी चार मुले लहानपणीच गेली होती. वडिलांच्या निष्ठेबद्दल तिला आदर आहे, पण त्या निष्ठेने आईला काय भोगायला लावले ते ती स्पष्ट लिहिते.

ही ताटातूट चालू असतानाच मिशनरी घरांत एक वेगळीच गोष्ट घडत होती. १८९९-१९०० च्या दुष्काळात अहमदनगरच्या मिशनने शेकडो अनाथ मुले पोटाशी धरली. आपली मुले सातासमुद्रापार परक्याच्या हाती ठेवून आलेल्या बायका इथे परक्यांची मुले वाढवत होत्या. या बायकांच्या सेवेचे मोल मोठे आहे. ते मोठे आहे म्हणूनच तिकडच्या मुलांच्या वाट्याचे रितेपण नोंदवून ठेवले पाहिजे. अविवाहित स्त्रिया मिशनवर येऊ लागल्या तेव्हा हा पेच थोडा सुटला. १८२७ मध्ये मुंबईत आलेली आणि पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवणारी सिंथिया फरार ही त्यांतली अग्रणी. ती १८६२ मध्ये अहमदनगरलाच वारली.

ताटातूट केवळ परदेशी घरांत झाली नाही. पाथरीच्या आसपासच्या मुलखात जुने मिशन केंद्र म्हणजे जालना. तिथे निजामाच्या राज्यात नारायण शेषाद्रींनी १८६० च्या दशकात काम सुरू केले आणि जवळच बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. नारायणरावांनी १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा धाकटा भाऊ श्रीपतही त्यांच्याबरोबर मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. वडील न्यायालयात गेले आणि मुलगा अल्पवयीन म्हणून त्यांच्या ताब्यात दिला गेला. पण घरी आलेल्या श्रीपतला जातीने दारात उभे केले नाही. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकर झटले आणि त्यावरून मोठे वादळ उठले. एका भावाच्या श्रद्धेने दुसरा भाऊ दोन्ही घरांना पारखा होण्याच्या बेतात आला. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लहान दत्तूसह काढलेली ताटातुटीची वर्षे ‘स्मृतिचित्रे’ने मराठी वाचकाच्या परिचयाची केली आहेत. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या मनाचा कौल मिळाल्यावर.

पंडिता रमाबाईंच्या लेकीची कथा तर समुद्रापलीकडचीच. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मनोरमा दोन वर्षांची होती. १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि शारदा सदनासाठी तिथे फिरत असताना लहानगी मनोरमा इंग्लंडच्या जोगिणींकडे होती. मोठेपणी ती आईचा उजवा हात झाली आणि निजामाच्या मुलखात गुलबर्ग्याला तिने शाळा चालवली. ती १९२१ मध्ये गेली, आई त्यानंतर वर्षभराच्या आत.

धर्म बदलला म्हणजे नाते तुटलेच पाहिजे असे मात्र नाही, आणि याचा दाखला पाथरीच्याच इतिहासात आहे. अहमदनगरच्या निजामशाहीच्या संस्थापकाचा बाप मलिक हसन बहिरी हा पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घराण्यातला, लहानपणी कैद होऊन मुसलमान झालेला. नातू बुऱ्हाण निजामशहाने एलिचपूरच्या इमादशहाकडे हे पूर्वजांचे गाव मागितले, त्याने ते दिले नाही, तेव्हा १५१८ मध्ये लढून घेतले आणि आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना ते इनाम दिले, असे इतिहासकार फरिश्ता लिहितो. तो राजा होता आणि सत्ता त्याच्या हाती होती हे खरे. एरवी धर्मांतरित माणसाला गावाकडे पाहायलाही चोरी असे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर या मुलांकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. जॉन आणि रूथ युसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात हिंदुस्थानातल्या अमेरिकनांचा अभ्यास केला. आईबापांचा देश आणि वाढीचा देश यांच्या मधल्या तिसऱ्याच संस्कृतीत वाढलेली मुले, ही कल्पना त्यातून रूढ झाली. अशी मुले कुठेही चटकन मिसळतात, पण ‘गाव कोणते?’ या साध्या प्रश्नाला अडखळतात. शतकाच्या अखेरीस काही मिशन शाळांतल्या माजी विद्यार्थ्यांनी तिथे झालेल्या छळाबद्दल तोंड उघडले. चौकशा झाल्या आणि संस्थांनी माफी मागितली. तोवर देवाच्या कामात अडथळा नको म्हणून मुले गप्प राहिली होती.

आता मिशनची दिशाही बदलली आहे. महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यांत आज काम करणारे कितीतरी सेवक तमिळनाडू, केरळ किंवा ईशान्येतून आलेले असतात. त्यांची मुले पुन्हा दूरच्या वसतिगृहात असतात, आईबापांची भाषा घरच्या सुट्टीत आणि शाळेची भाषा वर्षभर बोलतात. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले आजीकडे मागे राहतात ती पोटासाठी. इथे कारण श्रद्धा आहे, पण संध्याकाळी दाराकडे लागलेले डोळे दोघांचे सारखेच. दरम्यान पुष्कळ संस्थांनी पद्धत बदलली आहे. पती-पत्नी दोघांच्या पाचारणाची स्वतंत्र विचारपूस होते, डोरोथी कॅरीसारखा नकार गांभीर्याने घेतला जातो, मुलांच्या शाळेचा विचार नेमणुकीआधी होतो आणि दहावी-बारावीच्या वर्षांत कुटुंबाला मायदेशी राहू दिले जाते.