निळा ठिपका

सद्सद्विवेकबुद्धी माणसाच्या नेमक्या कोणत्या अवयवात राहते, यावर थोरामोठ्यांचं एकमत नाही. कुणी हृदय म्हणतं, कुणी डोकं. आमच्या घरापुरता हा प्रश्न सुटलेला आहे. ती आमच्या चिरंजीव मनूच्या मागच्या दाढेवर राहते. रंग निळा, आकार मोहरीपेक्षा किंचित मोठा.

त्याचं असं झालं. मनूचे दात वेडेवाकडे म्हणून तिला डॉक्टरबाईंकडे नेलं. शेजारची खुर्ची रिकामी होती. फुकटची खुर्ची सोडू नये या मध्यमवर्गीय संस्काराने मी तीत बसलो आणि फसलो. बाईंनी माझ्याही तोंडात आरसा घातला. माझे खालचे पुढचे दात म्हणे लोकलच्या दारात उभं राहावं तसे एकमेकांवर रेलले होते. वय वाढतं तशी ही दाटी वाढते आणि फटींत घाण साठते. थोडक्यात, एका स्कूटरच्या पैशात सोडवायला आलेला मी दोन स्कूटरी देऊन बाहेर पडलो.

हल्ली तारांऐवजी ‘अलाइनर’ मिळतात. अलाइनर म्हणजे दातांवर बसणारं पातळ, पारदर्शक प्लॅस्टिकचं टोपरं. एक ट्रे दाताला जेमतेम पाव मिलिमीटर सरकवतो. आठवड्या-पंधरवड्याने पुढचा ट्रे. गोगलगायीलाही लाज वाटावी असा हा प्रवास! ही युक्ती बाजारात आणणारी कंपनी १९९७ साली कॅलिफोर्नियात निघाली. तिचे एक संस्थापक झिया चिश्ती. त्यांनी मोठेपणी तारा लावून दात सरळ केले होते. नंतर दात जागेवर राहावेत म्हणून घालायचा साचा त्यांनी काही दिवस घातलाच नाही. दात सरकले. साचा पुन्हा घातला, तर दात मुकाट्याने परत आले. त्यातून ही कल्पना सुचली, असं सांगतात. म्हणजे या शोधाचं मूळच मुळी कंटाळ्यात आहे. माझी अर्धी आशा तिथेच पल्लवित झाली.

पण नियम ऐकले आणि आशा मावळली. ट्रे दिवसाचे २२ तास तोंडात हवा. खाताना काढायचा, चहा पिताना काढायचा. आत असताना फक्त साधं पाणी. पुन्हा घालण्यापूर्वी दात घासायचे. ट्रे गार पाण्यात मऊ ब्रशने धुवायचा. गरम पाण्याने तो वाकतो आणि टूथपेस्टने त्यावर बारीक चरे पडतात. आमटीच्या हळदीने तो असा पिवळा होतो, की नवरदेव बरा. आणि काढला की डबीतच ठेवायचा, कागदात गुंडाळायचा नाही.

हा शेवटचा नियम मी एका हॉटेलात मोडला. इडली खाताना ट्रे कागदात गुंडाळून बशीशेजारी ठेवला. पोऱ्याने बशीबरोबर तोही उचलला. मी कचऱ्याच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून उभा.

“काय हरवलं, साहेब?”

“दात,” मी म्हणालो.

त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. सगळे जागेवर होते. तो हळूच मालकाला बोलवायला गेला.

पण खरी अडचण चहाची. २२ तासांतून उरतात दोन. त्यांत दोन जेवणं, एक न्याहारी आणि ऑफिसातला चहा बसवायचा. चहा पाच मिनिटांत संपतो हो, पण चहावरच्या गप्पा? देशाची परिस्थिती पाच मिनिटांत सुधारत नाही. ट्रे डबीत पडून राही. प्रत्यक्षात चौदा तास भरत. महिन्याने डॉक्टरबाई विचारत, “बावीस तास होतात ना?” मी म्हणे, “होतात.”

मनूला ही सोय नव्हती. मुलांच्या ट्रेला मागच्या बाजूला तो निळा ठिपका असतो. ट्रे तोंडात राहील तसा तो फिका पडत जातो. पंधरा दिवसांनीही निळाशार असला, की चोरी पकडली. मनूने विचारलं, “बाबा, तुझ्या ट्रेला ठिपका का नाही?”

“मोठ्या माणसांवर विश्वास असतो,” मी म्हणालो. हे वाक्य उच्चारताना मला स्वतःबद्दल फार आदर वाटला.

एकदा रात्री मोरीत पेला दिसला. ट्रे साफ करायच्या गोळीचं पाणी, आणि त्यात मनूचा ट्रे. ठिपका पाण्यातही फिका पडतो, हा शोध कार्टीने लावला होता. मी घसा साफ केला. “मनू, ही फसवणूक कुणाची? डॉक्टरांची? नाही! स्वतःची!” भाषण रंगात येणार, इतक्यात ती शांतपणे म्हणाली, “बाबा, तुझा ट्रे कुठे आहे?”

माझा ट्रे सदऱ्याच्या खिशात, डबीत होता. दुपारपासून.

त्या रात्री मला झोप आली नाही. दोघांतला मोठा गुन्हेगार कोण? मनूला फसवायला पेला लागला, गोळी लागली, डोकं लागलं. मला नुसती मान हलवावी लागली. तिने पहारेकऱ्याला फसवलं. मी विश्वास टाकणाऱ्याला फसवलं. कुलूप फोडणाऱ्याला आपण चोर म्हणतो. पण ज्याच्या हाती भरवशाने किल्ली दिली त्यानेच डबा उघडला, तर त्याला काय म्हणावं? आणि आपण मोठे झालो म्हणून ठिपका काढून घेतात, ते आपण चांगले झालो म्हणून की पुढची जबाबदारी आपली म्हणून? आजवर मी पहिलंच कारण धरून चाललो होतो.

पुढचा ट्रे बसेना. दात आणि प्लॅस्टिक यांच्यात फट राहिली. डॉक्टरबाईंनी आरसा घातला. हिरड्या, वय, हवामान अशी तीन कारणं माझ्याजवळ तयार होती. शेजारच्या खुर्चीत मनू आ करून बसली होती, पण कान माझ्याकडे होते.

“बाई,” मी म्हणालो, “बावीस होत नाहीत. चौदा होतात.”

“ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “दात सांगतात. मागचा ट्रे पुन्हा घाला.”

शेजारून आवाज आला, “माझेपण होत नाहीत.”

बाई रागावल्या नाहीत. दात सरळ झाल्यावरही रात्री साचा घालावाच लागेल, एवढं मात्र बजावलं. दात जुनी जागा विसरत नाहीत म्हणे. “किती वर्षं?” मी विचारलं. “दात आहेत तोवर,” त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर मनूने माझ्या डबीच्या झाकणावर पेनाने एक निळा ठिपका काढला. आता ऑफिसात चहा आला, की डबी टेबलावर असते आणि तो ठिपका माझ्याकडे बघत असतो. मी तो पाण्याने पुसून पाहिला, साबणानेही पाहिला. जात नाही. पोरीने पक्की शाई वापरली आहे.