हिवाळ्यातल्या विजेची न्याय्य किंमत

काश्मीर खोऱ्यात विजेची गरज हिवाळ्यात सर्वाधिक असते आणि नेमके तेव्हाच झेलम-चिनाबचे पाणी घटते, कारण डोंगरावरचा बर्फ वितळत नाही. चिनाबवरचा 900 मेगावॅटचा बगलिहार प्रकल्प वाहत्या पाण्यावर चालतो. तो 1960 च्या सिंधू जलकराराच्या चौकटीत आखलेला असल्याने उन्हाळ्यातले पाणी थंडीसाठी साठवून ठेवण्याची सोय त्यात नाही. तूट भरून काढायला वीज बाहेरून विकत आणावी लागते.

मग थंडीत दर वाढवणे न्याय्य आहे का? तेराव्या शतकातले ख्रिस्ती धर्मचिंतक थॉमस अक्वायनस यांनी एक भेद केला होता: वस्तू देताना विक्रेत्याला सोसावे लागणारे नुकसान किमतीत धरता येते, घेणाऱ्याची निकड मोठी, एवढ्याच कारणाने भाव वाढवणे मात्र अन्याय्य. इथे हा भेद फार मोलाचा आहे. खरेदीचा जादा खर्च खरा असतो. तो लपवला, तर सरकारी तिजोरीवाटे अगदी कमी वीज वापरणाऱ्यांवरही पडतो. पण उणे तापमानात खोली उबदार ठेवणे ही चैन नव्हे. म्हणून उबेपुरत्या युनिटांचा दर बारमाही स्थिर ठेवून जादा खर्च त्यापुढच्या वापरावर आकारणे, हेच अधिक न्याय्य ठरते.