‘तेच औषध’ म्हणणाऱ्याचे उत्तरदायित्व

गेल्या रमजानपासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. चांगल्या हेतूने दिलेले उत्तर चुकीचे निघाले, तर त्याचा दोष कोणाच्या माथी? हा प्रश्न मला एखाद्या ग्रंथात भेटला नाही. कल्याणच्या आमच्या मशिदीत, तरावीहनंतर, एका पेनाच्या रूपाने तो माझ्या हाती आला.

पेन इन्सुलिनचे होते. पहिल्या सफेत उभे राहणारे आमचे एक चाचा, भिवंडीच्या यंत्रमागावर उभी हयात घालवलेले, जुने मधुमेही आहेत. दिवसातून एकदा ते ग्लार्जिन नावाचे, दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन घेतात. त्यांचे नेहमीचे पेन ३०० शक्तीचे, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ३०० युनिट असलेले. ते परवडेना, म्हणून त्यांनी त्याच ग्लार्जिनचे १०० शक्तीचे स्वस्त पेन आणले. डॉक्टरांना कळवले नाही. मला मात्र विचारले, “मौलाना, नाव तेच, आकडाही तोच तीसचा, फक्त पेन बदललंय. रोजा ठेवायला हरकत नाही ना?” मी म्हणालो, “औषध तेच आहे ना, चाचा? मग बिस्मिल्लाह म्हणून घ्या. अल्लाह आसान करील.”

चौथ्या दिवशी असरच्या सुमारास चाचांना दरदरून घाम फुटला. जीभ अडखळू लागली, घरातल्यांची नावे चुकू लागली. सूनबाईंनी बोटाला सुई टोचून साखर तपासली, तर ती ४८ भरली. ग्लुकोजचे पाणी ओठाशी नेले, तेव्हा त्यांनी तोंड फिरवले. “मौलानांनी रोजा ठेवायला सांगितलंय,” एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. सूनबाईंनी ऐकले नाही, जबरदस्तीने पाजले. त्या माऊलीच्या धिटाईमुळे चाचा आज आपल्यात आहेत. माझ्या शब्दामुळे ते जवळजवळ गेलेच होते.

डॉक्टरांनी नंतर मला जे समजावले, ते थोडक्यात असे. युनिट तेच असले तरी परिणाम तोच राहत नाही. ३०० शक्तीचे औषध कातडीखाली लहानशा घट्ट साठ्यासारखे बसते आणि सावकाश विरघळते. त्याच्या एका युनिटचा जोर १०० शक्तीच्या युनिटपेक्षा थोडा कमी पडतो. म्हणून ३०० वरून १०० वर येताना सुरुवातीची मात्रा साधारण पाचव्या हिश्श्याने घटवतात. तीसची चोवीस करतात. शिवाय रोजे ठेवायचे असतील तर ग्लार्जिनची मात्रा आणखी १५ ते ३० टक्के कमी करून इफ्तारच्या वेळी घेण्याचा सल्ला दिला जातो. चाचांच्या बाबतीत यातले काहीच झाले नव्हते. ‘तेच’ या एका शब्दावर आम्ही दोघे विसंबलो होतो.

हा शब्द आपल्या घराघरांतून फिरतो. जुन्या ह्यूमन इन्सुलिनच्या बाटल्या आपल्याकडे बहुधा ४० शक्तीच्या असतात, ग्लार्जिनच्या १०० च्या. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी १०० साठी. चुकीच्या सिरिंजने ओढले तर १०० शक्तीचे औषध अडीचपट पोटात जाते. डेग्लुडेक नावाच्या दुसऱ्या इन्सुलिनचा परिणाम ४२ तासांहूनही अधिक टिकतो; ते सुरू केल्यावर किंवा त्याची मात्रा बदलल्यावर खरे चित्र तीन-चार दिवसांनी दिसते. एका दिवसाच्या आकड्यावर ‘मानवले’ म्हणणे तिथे फसवे ठरते. आणि बदल नेहमी रुग्णाच्या इच्छेनेच होतो असेही नाही. डेटेमिर हे दीर्घकालीन इन्सुलिन अमेरिकेच्या बाजारातून २०२४ अखेर कंपनीनेच काढून घेतले; तिथल्या रुग्णांना दुसऱ्यावर जाणे भाग पडले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कर्माचे मोल नियतीवर ठरते, या हदीसचा मी कित्येक रात्री आधार घेतला. माझी नियत वाईट नव्हती. एका गरीब श्रद्धावंताचा रोजा सुटू नये, एवढेच मला वाटत होते. पण नियत कर्म शुद्ध करते. नसलेले ज्ञान ती आणून देत नाही. अबू दाऊद यांच्या संग्रहात हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितलेला प्रसंग आहे. प्रवासात एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. त्याला स्नानाची गरज पडली, तेव्हा तयम्मुमची सवलत मिळेल का, असे त्याने सोबत्यांना विचारले. पाणी असताना सवलत नाही, असे त्यांनी सांगितले. तो नाहला आणि दगावला. हे प्रेषितांच्या (स.) कानी गेले, तेव्हा त्याच्या मृत्यूचा दोष त्यांनी त्या सोबत्यांवर ठेवला आणि ठाऊक नसेल तर विचारणे हाच अज्ञानावरचा उपाय असल्याचे बजावले. त्या सोबत्यांची नियत तरी कुठे वाईट होती?

याच संग्रहात दुसरी हदीस आहे: वैद्यकीचे ज्ञान नसताना जो उपचार करतो, तो नुकसानीस जबाबदार. हिच्या आधारे आपल्या फकीहांनी भरपाईचे नियम बांधले. मदरशात मी ती शिकलो, परीक्षेत लिहिली, आणि ती नीमहकिमांसाठी आहे असे समजत राहिलो. त्या रात्री मीच नीमहकीम होतो.

यावर कोणी म्हणेल, ‘प्रत्येक गोष्टीला डॉक्टर कुठून आणायचा? फी आहे, दिवसाची मजुरी बुडते.’ हे खोटे नाही. चाचांनी डॉक्टरांना कळवले नाही यामागे पैशाची चणचण होती, आणि ती उघड करण्याची लाजही होती. स्वस्त औषध घेणे हा गुन्हा नव्हे. २०२२ मध्ये ग्लार्जिन केंद्र सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले, ते अशाच घरांसाठी. पण बदल लपवणे वेगळे. शरीर अल्लाहची अमानत आहे, आणि तिचा हिशेब ठेवणाऱ्याला अर्धी माहिती देणे हा अमानतीतला खोट आहे. एवढे सांगण्याचा मला अधिकार होता. मी नेमके तेच सोडून मात्रेवर बोललो.

आणखीही काही माझ्या कक्षेतले होते. सुरह बकरहमध्ये आजाऱ्याला दिलेली सवलत त्याच अल्लाहने दिली आहे ज्याने रोजा फर्ज केला. ती नाकारण्यात जास्तीची भक्ती नाही. कातडीखालच्या इंजेक्शनाने रोजा तुटत नाही, असा निर्णय जेद्दाहच्या फिकह अकादमीने १९९७ मध्ये दिला आहे. बोटाच्या थेंबाने तपासणी केल्यानेही तो तुटत नाही. आणि साखर ७० च्या खाली गेली तर रोजा तत्काळ सोडावा, सूर्यास्ताला दहा मिनिटे उरली असली तरी. हे मी तरावीहनंतर सांगायला हवे होते.

बरे झाल्यावर चाचांनी विचारले, “त्या दिवसाची कजा करावी लागेल का?” या वेळी मी म्हणालो, “कजा आहे, पण कधी आणि कशी ठेवायची ते डॉक्टर ठरवतील. मी तुमच्यासोबत येतो.” आम्ही दोघे गेलो. दोन्ही पेने टेबलावर ठेवून चाचांनी पैशाचीही अडचण सांगितली, खाली मान घालून. डॉक्टर रागावले नाहीत. स्वस्त पेनच ठेवले, मात्रा नव्याने लिहून दिली.

डिसेंबरमध्ये, दिवस सर्वांत लहान असताना, चाचांनी ती एक कजा ठेवली. सूनबाईंनी दुपारी दोनदा आणि असरनंतर एकदा साखर तपासून मला आकडे कळवले. मगरिबची अजान होईपर्यंत मी फोन हातातून खाली ठेवला नाही.